एअर रायफलीची झणझण कशी थांबवली
भुसावळला घरामागच्या खोलीत माझे छोटे लेथ (कातयंत्र) आहे. माझ्या ४.५ मिमी एअर रायफलीतून छरा सुटताच आतली स्प्रिंग झणझणत असे आणि १० मीटरवरचा नेम विस्कटत असे. स्प्रिंग दाबूनच बसवलेली असल्यामुळे रायफल क्लॅम्पमध्ये धरूनच उघडली. नुसत्या हाताने उघडणे अत्यंत धोक्याचे आहे. मूळ गाइड, म्हणजे स्प्रिंगला आतून आधार देऊन सरळ ठेवणारा दांडा, स्प्रिंगच्या आत जवळजवळ १ मिमी सैल होता, म्हणून डेल्रिन या कडक प्लास्टिकच्या दांड्यातून, शेवटचे काप ०.०५ मिमीचे घेत, स्प्रिंग किंचित जोर लावल्यावरच सरकेल असा नवा गाइड कातला. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि डेल्रिन पोलादापेक्षा बरेच अधिक प्रसरण पावते, त्यामुळे अंतिम माप भर दुपारी घेतले. झणझण पूर्ण थांबली. ताकद वाढवण्यासाठी स्प्रिंग मात्र मी बदलली नाही.