डोंगरावरची पायवाट आखताना : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्या हातून आखली गेलेली पहिली पायवाट एकाच पावसाळ्यात वाहून गेली. मुंबईच्या वेशीवरील एका टेकडीवर, देवळापर्यंत जाणारी ती जेमतेम चारशे मीटरची वाट होती. नकाशावर सर्वांत जवळची म्हणून मी ती उतारावरून सरळ खाली आणली होती आणि जागेची पाहणी एप्रिल-मे महिन्यांत, कोरड्या डोंगरावर केली होती. जुलैअखेरीस तिच्या जागी गुडघाभर खोल घळ पडली होती, घातलेला मुरूम पायथ्याच्या भातखाचरात जाऊन बसला होता आणि देवळाला जाणारी माणसे घळीच्या दोन्ही बाजूंचे गवत तुडवत नव्या वाटा पाडत होती. ज्या शेतकऱ्याच्या खाचरात तो मुरूम गेला, त्याच्यासमोर उभे राहताना मला जे वाटले ते मी अजून विसरलेले नाही.

या कामात येणाऱ्या प्रत्येकाने सर्वप्रथम हे समजून घ्यावे की, पायवाट माणसांसाठी बांधली जात असली तरी ती आखायची असते पाण्याच्या हिशेबाने. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद आहे. बेसाल्टच्या कातळावर मातीचा थर पातळ असतो. सततच्या वर्दळीने तो दाबला जातो, गवत मरते, पाणी जिरेनासे होते आणि वाट उताराच्याच दिशेने जात असेल तर तिचा ओहोळ होतो. म्हणून डोंगराचा जो मूळ उतार असेल, त्याच्या निम्म्याहून अधिक चढ वाटेला देऊ नये, असा या क्षेत्रातला सर्वमान्य नियम आहे; उतार ३० टक्के असेल तर वाटेचा चढ १५ टक्क्यांच्या आत हवा. संपूर्ण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभर मीटर चालल्यावर दहा मीटर उंची, एवढा ठेवला तर माती टिकते आणि वयस्कर माणसेही न थांबता चढू शकतात.

हे मोजण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. गावोगावी पाणलोटाच्या कामात समतल चर आखण्यासाठी जी ए-फ्रेम वापरतात, तीच मी आजही वापरते. दोन बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी लावायची आणि शेंड्यापासून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडायचा. दोन्ही पाय समपातळीत असले की दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर येऊन थांबते. पायांमधले अंतर दोन मीटर असेल, तर एका पायाखाली वीस सेंटिमीटरचा ठोकळा ठेवून दोरीची दुसरी खूण करावी. ती दहा टक्क्यांची खूण झाली. पुढे केवळ दोरीकडे पाहत, एकेक पाय फिरवत, चुन्याची फक्की टाकत डोंगर आखता येतो. पहिल्या दिवशी माझी रेषा दोनदा कातळात जाऊन अडली आणि दोन्ही वेळा खालपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. हा वेळ वाया गेला असे मानू नका.

रेषा ठरली की वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवावा. एक मीटर रुंदीला पाच सेंटिमीटर पुरतात. शिवाय ठरावीक अंतरावर चढणाऱ्या वाटेला चार पावले उतरवून पुन्हा चढवावे, म्हणजे वाटेवर आलेले पाणी त्या खळग्यातून बाहेर पडते. नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या बांधून हा प्रश्न सुटत नाही, कारण पाणी पायरीच्या कडेने माती खात जाते आणि काही वर्षांत पायरी अधांतरी उरते. पाण्याला वाट कशी करून द्यावी हे पाहायचे असेल, तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला जा, आणि तेही भर पावसात. तिथल्या पाथरवटांनी पायऱ्यांइतक्याच काळजीने कातळात पन्हाळी खोदल्या आहेत आणि डोंगरावरचे पाणी लेण्यांशेजारच्या टाक्यांत उतरवले आहे. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे.

दुसरा शत्रू म्हणजे वळण तोडून जाणारी माणसे. त्यांना दोष देण्यापूर्वी आपले वळण तपासावे. वळणावर उभे राहिल्यावर खालची वाट दिसत असेल तर माणूस सरळ उतरणारच. म्हणून वळण मोठ्या धोंड्याला किंवा कारवीच्या गचपणाला वळसा घालून घ्यावे.

शिक्षणाचे म्हणाल, तर वास्तुकलेच्या पदवीनंतर अहमदाबादचे सेप्ट किंवा दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर येथे लँडस्केप आर्किटेक्चरचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. स्थापत्य अभियंते आणि वनस्पतिशास्त्राचे पदवीधरही या कामात लागतात. कायद्याची ओळख मात्र प्रत्येकाला हवी. राष्ट्रीय उद्यानाला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू असतो, आणि कान्हेरीसारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असून त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. याखेरीज एक शाळा पाड्यावर असते. कुठला ओहोळ पहिल्याच सरीत फुटतो आणि बिबट्या कुठून पाण्यावर येतो, हे तिथल्या वारली कुटुंबांना ठाऊक असते. त्यांना आखणीच्या आधी विचारावे आणि त्या दिवसांची मजुरी द्यावी.

देवळाची ती वाट आम्ही पुढच्या हिवाळ्यात डोंगराला वळसा घालून नव्याने आखली. लांबी जवळजवळ दुप्पट झाली आणि त्यावरून बरीच बोलणीही खावी लागली. आता मी दर वर्षी पहिल्या मोठ्या पावसानंतर फावडे घेऊन तिथे जाते, कारण खळग्यांच्या तोंडाशी पालापाचोळा आणि गाळ साचतो आणि तो तेव्हाच काढला नाही, तर पाणी पुन्हा वाटेवर चढते.