जर्मनीत पहिली गादी घेण्यापूर्वी

२०११ च्या नोव्हेंबरात मी श्टुटगार्टला आलो तेव्हा माझ्या दोन बॅगांपैकी एकीतली अर्धी जागा सोलापुरी चादरींनी आणि आईने शिवलेल्या गोधडीने व्यापली होती. ती ज्या गादीवर अंथरायची, तिचा विचार मात्र मी अजिबात केलेला नव्हता. येथे भाड्याची घरे बहुधा रिकामी मिळतात, कित्येकदा स्वयंपाकघराचा ओटाही आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेलेला असतो, आणि पहिल्या रात्री माणसाला सर्वांत आधी हवी असते ती पाठ टेकायला जागा. चूक होते ती या घाईत. गेल्या काही वर्षांत मी बऱ्याच नव्या मंडळींच्या गाद्या माझ्या गाडीतून वाहून आणल्या आहेत, आणि मी केलेल्याच चुका त्यांनाही करताना पाहिले आहे.

पहिले दोन आठवडे कोणाकडून तरी हवा भरायची गादी मागून घ्यावी आणि स्वस्थ राहावे. आपल्या मंडळींच्या गटांवर 'गादी न्यायची आहे का, फुकट' असा निरोप दर महिन्याला येतो. ही गादी बहुधा चौथ्या किंवा पाचव्या बिऱ्हाडातून आलेली असते, तिच्या मध्यभागी माणसाच्या आकाराचा खड्डा असतो, आणि ती देणाऱ्याला आपण उपकार करत आहोत असे मनापासून वाटत असते. पलंग, कपाट, टेबल जुने जरूर घ्यावे. गादी घेऊ नये. जुन्या गादीतून ढेकूण घरात शिरले तर त्यांच्या बंदोबस्ताला नव्या गादीपेक्षा अधिक खर्च येऊ शकतो. हजार युरोंचा फोन हातात धरून साठ युरोंची जुनी गादी शोधणारे तरुण पाहिले, की मला आपल्या काटकसरीचा हिशेब कळेनासा होतो.

आता माझी चूक सांगतो. एका थंडीच्या मोसमात कंबर दुखू लागली आणि 'पाठीला कडक गादीच चांगली' हे लहानपणापासून ऐकलेले वाक्य डोक्यात पक्के असल्याने मी शनिवारी एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेत्याने वजन विचारले, कोणत्या कुशीवर झोपता ते विचारले, आणि मध्यम प्रकारच्या दोन गाद्या दाखवल्या. मी त्याचे न ऐकता सर्वांत कडक गादी मागितली, अंगातले जाकीटही न काढता तिच्यावर तीन मिनिटे उताणा पडलो, आणि ८४९ युरो मोजून आलो. तिसऱ्या आठवड्यात उजवा हात पहाटे बधिर होऊ लागला, कारण मी उजव्या कुशीवर झोपतो आणि खांद्याला त्या गादीत उतरायला जागाच नव्हती. दुकानात परत गेलो तेव्हा मला अतिशय नम्रपणे सांगण्यात आले की गादीत कोणताही दोष नाही, वेष्टन काढलेले आहे, त्यामुळे ती परत घेता येणार नाही. त्यांचे काहीच चुकले नव्हते. दुकानात प्रत्यक्ष जाऊन घेतलेली, दोष नसलेली वस्तू केवळ आवडली नाही म्हणून परत करण्याचा कायदेशीर हक्क जर्मनीत ग्राहकाला नाही. दुकानदार परत घेत असेल तर ती त्याची मर्जी, आणि ही मर्जी पैसे देण्यापूर्वी पावतीवर लिहून घ्यावी. ती गादी मी खाली गोधडी आणि वर कापसाची पातळ गादी घालून सहा वर्षे वापरली.

ऑनलाइन घेतलेल्या गादीचे तसे नाही. तेथे माल हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देता करार मोडण्याचा हक्क असतो. त्याला विडररूफ म्हणतात. पूर्वी विक्रेते 'प्लास्टिकचे वेष्टन काढले, आता आरोग्याच्या कारणाने परत नाही' असे सांगत असत. एका जर्मन ग्राहकाचा असाच खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि २७ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की अंगावर घालून पाहिलेला कपडा जसा स्वच्छ करून पुन्हा विकता येतो, तशीच गादीही. त्यामुळे वेष्टन काढले तरी हक्क जात नाही. गादीवर डाग पडले तर मात्र किमतीतून रक्कम कापली जाऊ शकते, म्हणून पहिल्या दिवसापासून चादर घालावी आणि तिच्यावर बसून चहा पिऊ नये. बरेच विक्रेते स्वतःहून ३० किंवा १०० रात्रींची मुदत देतात. परतीच्या वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे आधी वाचावे, कारण एकदा उलगडलेली गुंडाळी गादी घरी कोणालाही पुन्हा तेवढी लहान करता येत नाही. म्हणून माझा क्रम असा आहे: दुकानात जाऊन झोपून पाहावे, आणि परत करण्याचा हक्क जेथे लेखी मिळेल तेथूनच घ्यावी. दुकानदाराचा वेळ घेऊन दुसरीकडे खरेदी करणे ज्यांच्या मनाला पटत नाही, त्यांनी त्याच दुकानाकडे बदलून देण्याची अट मागावी. माझ्या ओळखीच्या तिघांना ती मिळाली आहे. मी मागितलीच नव्हती.

कडकपणाबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण या एका समजुतीपायी आपल्या लोकांचे सर्वाधिक पैसे वाया जातात. आपल्या आजोबांची गादी कापसाची होती. ती जमिनीवर घातलेली असली तरी वरून अंगाला जागा देत असे, आणि कापूस बसला की पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतला जात असे. नंतर काथ्याच्या गाद्या आल्या, त्यांच्यावर 'ऑर्थो' असे छापले गेले, आणि कडक म्हणजे आरोग्यदायी हे समीकरण घरोघरी पक्के झाले. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक चाचणी प्रसिद्ध झाली: दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी देण्यात आली, आणि ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झालेले आढळले. हे मला आधी ठाऊक असते तर ८४९ युरो वाचले असते.

येथील गाद्यांवर एच १ पासून एच ५ पर्यंत कडकपणाचे अंक छापलेले असतात. त्याला हेर्टेग्राड म्हणतात. या अंकांना कोणतेही बंधनकारक प्रमाण नाही. एका कंपनीची एच ३ दुसरीच्या एच २ पेक्षा मऊ असू शकते, आणि १९६४ साली स्थापन झालेली श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही स्वतंत्र चाचणी संस्था हेच वारंवार दाखवत आली आहे. तक्त्यांत साधारण ८० किलोंपर्यंत एच २ आणि त्यापुढे एच ३ असे सुचवलेले असते, पण दुकानात सर्वांत सहज पुढे केली जाते ती एच ३. पन्नास-पंचावन्न किलोंच्या माणसाने, विशेषतः कुशीवर झोपणाऱ्याने, ती डोळे झाकून घेऊ नये. जाकीट आणि बूट काढून, आपल्या नेहमीच्या कुशीवर निदान दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे. जर्मन लोक यात अजिबात संकोच करत नाहीत, दुकानात अर्धा तास डोळे मिटून पडलेले आजोबा मी पाहिले आहेत. सोबतच्या माणसाने मागून पाठीचा कणा पाहावा: मानेपासून माकडहाडापर्यंत रेषा सरळ हवी. कंबर खाली झोळीसारखी लोंबत असेल तर गादी फार मऊ आहे, आणि खांदा वर उचललेला राहून कणा वाकत असेल तर फार कडक. उताणे पडल्यावर कमरेखालून हात आरपार सहज सरकत असेल, तरीही ती फार कडकच आहे.

स्मृतिफोमची, म्हणजे अंगाच्या उबेने दबणारी गादी घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा फोम थंडीत घट्ट होतो. दुकानात २२ अंश तापमान असते; घरी मात्र शेजाऱ्यांचे ऐकून आपणही शयनगृह १६-१७ अंशांवर ठेवू लागलो, की दुकानात लोण्यासारखी वाटलेली गादी जानेवारीत फळीसारखी लागते. मी काल्टशाउम, म्हणजे साधा चांगला लवचीक फोम, किंवा सुट्या कप्प्यांतील स्प्रिंगांची गादी सुचवतो. फोमची घनता वेष्टनावर राउमगेविष्ट या शब्दापुढे असते. घनमीटरला ४० किलोंच्या आसपास किंवा अधिक असेल तर ती लवकर बसत नाही. गादीला किती झोन, म्हणजे वेगवेगळ्या कडकपणाचे पट्टे, आहेत, या जाहिरातीकडे मी लक्ष देत नाही.

जोडप्यांसाठी. १४० बाय २०० सेंटिमीटरची गादी येथे दोघांची म्हणून विकली जाते, पण त्यात प्रत्येकाच्या वाट्याला ७० सेंटिमीटर येतात, आणि तेवढीच रुंदी तान्ह्या बाळाच्या खाटेची असते. १८० चा पलंग घ्यावा. त्यात जर्मन कुटुंबे ९० च्या दोन स्वतंत्र गाद्या घालतात, वर दोन स्वतंत्र पांघरुणे असतात, आणि आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येक आईला ते पाहून मुलाच्या संसाराची काळजी वाटू लागते. माझ्या मते ही पद्धत शहाणपणाची आहे: नवऱ्याचे वजन ८५ आणि बायकोचे ५५ असेल तर एकच गादी दोघांना योग्य असणे कठीण, आणि पांघरुणाची ओढाताणही थांबते. मधल्या फटीला येथे बेझूखररिट्से, म्हणजे पाहुण्याची फट म्हणतात; ती बुजवायला फोमची पट्टी मिळते, तिचे नाव लीबेसब्र्यूके, म्हणजे प्रेमाचा पूल. नावाला भुलून मूल मध्ये झोपवू नये. बाळंतपणानंतर घरी येणारी हेबामे, म्हणजे सुईण, बाळाला स्वतःच्या खाटेत, सपाट व घट्ट गादीवर, उशीशिवाय उताणे झोपवायला सांगते. आईचे काहीही म्हणणे असले तरी तिथे सुईणीचेच ऐकावे.

गादी जमिनीवर घालू नये. नागपुरात किंवा कोल्हापुरात जे चालते ते येथे चालत नाही, कारण अंगातून रात्रभर निघणारी वाफ गादीतून खाली उतरते, थंड जमिनीला लागून तिचे पाणी होते, आणि खाली हवा फिरत नसल्याने ते तेथेच राहते. एका नव्या मित्राने फेब्रुवारीत गादी उचलली तेव्हा खालची बाजू काळी पडली होती आणि लाकडी फरशीवर तेवढाच चौकोन उमटला होता. घर सोडताना अनामत रकमेतून त्याचे पैसे कापले गेले. गादीखाली लाटेनरोस्ट, म्हणजे आडव्या लवचीक लाकडी पट्ट्यांची चौकट हवी, आणि फोमच्या गादीसाठी दोन पट्ट्यांमधले अंतर चार सेंटिमीटरच्या आत असावे. सकाळी उठल्याबरोबर पलंग नीटनेटका करण्याची सवय सोडून पांघरूण बाजूला टाकावे, खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटे हवा खेळू द्यावी आणि मगच चादर सारखी करावी.

किंमत. वारेनटेस्टच्या चाचण्यांत २०० ते ३०० युरोंच्या गाद्या अनेकदा हजारांच्या गाद्यांच्या पुढे गेल्या आहेत, आणि त्या संस्थेच्या मासिकाचे अंक शहरातील सार्वजनिक ग्रंथालयात बहुधा वाचायला मिळतात. ८९९ खोडून ३९९ लिहिलेले असेल तर खोडलेल्या आकड्याजवळ 'यूफाउपे' ही अक्षरे आहेत का ते पाहावे. ती उत्पादकाने सुचवलेली किंमत असते, आणि त्या किमतीला ती गादी कोणीही घेतलेली नसेल अशी शक्यता असते. दोषांसाठी विक्रेता दोन वर्षे जबाबदार असतो. १ जानेवारी २०२२ पासूनच्या खरेदीत पहिले वर्षभर दोष मुळातच होता असे धरले जाते, म्हणून खड्डा पडू लागला तर मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे आणि लगेच लेखी कळवावे.

मागणी नोंदवताना 'फ्राय बोर्डश्टाइनकांटे' हे शब्द आढळले तर त्याचा अर्थ माल रस्त्याच्या कडेला उतरवला जाईल, एवढाच होतो. चौथ्या मजल्यावर उद्वाहन नसलेल्या घरात राहणाऱ्याने त्या दिवसासाठी दोन मित्र आधीच बोलावून ठेवावेत.

भारतातून चादरी आणू नयेत असे मी म्हणणार नाही, पण कडेला इलास्टिक असलेले श्पानबेटलाकेन येथेच घ्यावे, कारण आपल्या इंचांतील मापे येथील २०० सेंटिमीटर लांब आणि वीस-बावीस सेंटिमीटर जाड गादीला नीट बसत नाहीत. उशी ८० बाय ८० ची घेऊ नये. खांदेही तिच्यावर चढतात आणि मग मान दुखण्याचा दोष गादीवर येतो. ४० बाय ८० ची घ्यावी. जुनी गादी टाकायची असेल तर ती कचऱ्याच्या डब्याजवळ उभी करून ठेवू नये. श्पेरम्यूल, म्हणजे मोठ्या आकाराच्या कचऱ्यासाठी, महापालिकेकडे नोंदणी करून ठरलेल्या दिवशी ती बाहेर ठेवावी लागते, किंवा स्वतः गाडीतून संकलन केंद्रावर नेऊन द्यावी लागते. माझी ८४९ युरोंची गादी मी तशीच नेऊन दिली. तेथील माणसाने ती हाताने दाबून पाहिली आणि ही तर अजून नवीच आहे, असे म्हणाला.