गुहेतला चिखल गुहेतच ठेवा: बूट, दोर आणि वटवाघळांचा आजार

माझा भाचा टेनेसीत शिकतो. मागच्या शनिवार-रविवारी तो आमच्याकडे केंटकीला आला होता. निघताना गॅरेजमधले माझे गुहेचे बूट हातात घेऊन म्हणाला, "मावशी, पुढच्या आठवड्यात मित्रांबरोबर गुहेत जातोय. हे नेऊ का? मापाचे आहेत."

मी ते बूट त्याच्या हातातून काढून घेतले. पोराचा चेहरा उतरला. मग त्याला बसवून तासभर सगळं सांगितलं. अमेरिकेत गुहा बघायला जाणाऱ्या आपल्या बाकीच्या मंडळींसाठी तेच इथे लिहिते आहे.

गुहेतल्या चिखलाबरोबर वटवाघळांचा एक आजार पसरू शकतो. त्याचं नाव व्हाइट-नोज सिंड्रोम. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात, ऑल्बनीजवळच्या एका गुहेत एका माणसाने नाकाला पांढरं लागलेल्या वटवाघळांचे फोटो काढले. हा उत्तर अमेरिकेतला पहिला पुरावा. पुढच्याच हिवाळ्यात त्या भागातल्या गुहांमध्ये हजारो वटवाघळं मेलेली सापडली. कारण एक बुरशी, स्यूडोजिम्नोअॅस्कस डिस्ट्रक्टन्स. तिला थंडी मानवते. वीस अंश सेल्सिअसच्या वर पारा गेला की तिची वाढ थांबते, म्हणून माणसाला ती काही करत नाही. पण शीतनिद्रेतल्या वटवाघळाचं अंग गुहेइतकंच गार पडलेलं असतं, आणि तिथे ती नाकावर, कानांवर, पंखांच्या पातळ कातडीत रुजते.

एरवी वटवाघूळ हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा जागं होतं. साठवलेल्या चरबीतली बरीचशी या थोड्या जागरणांतच जळते. बुरशी लागलेलं वटवाघूळ पुन्हा पुन्हा जागं होतं आणि वसंत यायच्या आत त्याची शिदोरी संपते. मग ते भर दिवसा, बर्फात, किडे शोधायला बाहेर पडतं. त्या दिवसांत किडे कुठून मिळणार?

२०१४ च्या फेब्रुवारीत एका गुहेच्या तोंडाशी मला असं एक वटवाघूळ बर्फावर पडलेलं दिसलं. अंगठ्याएवढं धड, एक पंख अर्धवट उघडा. पंखाची कातडी जुन्या छत्रीच्या कापडासारखी सुरकुतलेली, एका ठिकाणी आरपार फाटलेली. मी हात लावला नाही, वाकून बघत राहिले. ते अजून श्वास घेत होतं. यातल्या बऱ्याच जातींना वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे एका हिवाळ्यात जे जातं ते भरून यायला किती वर्षं लागतील याचा हिशेब मी तिथे उभ्याउभ्याच मांडत होते. छोटं तपकिरी, उत्तरेकडचं लांब कानांचं आणि तिरंगी, या तीन जातींची संख्या दहा वर्षांच्या आत नव्वद टक्क्यांहून जास्त घटली आहे.

आता कामाचं.

आधी गुहा उघडी आहे का ते बघा. २००९ च्या वसंतात वनखात्याने पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राष्ट्रीय वनांतल्या गुहा बंद केल्या. त्यानंतर नियम राज्याराज्यांत आणि जागेजागेवर वेगळे होत गेले. काही गुहा कायम बंद, काही फक्त हिवाळ्यात, काही परवाना काढला की उघड्या. जमीन ज्या खात्याची असेल त्याच्या कार्यालयात फोन करून विचारा. या भागातल्या बऱ्याच गुहा खासगी जमिनीत आहेत, तिथे मालकाची परवानगी लागते. गेल्या वर्षी कुणी आत जाऊन आलं म्हणून या वर्षी उघडी असेल, असं धरून चालू नका. तोंडाशी आडव्या गजांचं गेट दिसलं तर त्या गजांमध्ये साधारण पावणेसहा इंचांची फट असते. वटवाघूळ त्यातून आत-बाहेर करतं, माणूस शिरत नाही. ते गेट त्यांच्यासाठीच बसवलेलं आहे.

गुहा बंद करून काय होणार, वटवाघळं स्वतःच उडत जाऊन बुरशी पसरवतात, असं माझे गुहावाले मित्र म्हणतात. ते खरं आहे. आजार मुख्यतः एका वटवाघळाकडून दुसऱ्याकडेच जातो. पण मार्च २०१६ मध्ये तो एकदम वॉशिंग्टन राज्यात दिसला, तोवरच्या सर्वांत जवळच्या नोंदीपासून सुमारे १,३०० मैलांवर. जनुकीय तपासणीत ती बुरशी पूर्वेकडच्या बुरशीशी जुळली. ती तिथे कशी पोहोचली ते कुणी सिद्ध केलेलं नाही. एवढी मोठी उडी वटवाघळं एका दमात मारत नाहीत, माणसाचं सामान मात्र एका दिवसात विमानाने तिकडे पोहोचतं. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं बारीक बी, गुहेच्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि ती माती आपल्या बुटांना लागते. माझ्यापुरता हा वाद तिथेच संपतो.

सामान वाटून ठेवा. एका भागासाठी एक जोड. माझे ते बूट फक्त केंटकीतल्या गुहांसाठी आहेत आणि आत जिभेवर मार्करने तसं लिहिलंय. नव्या राज्यात जायचं असेल तर तिथल्या गुहावाल्यांच्या गटाकडून, म्हणजे ग्रोटोकडून, सामान उसनं घ्या. बुरशी पोहोचलेल्या भागातलं सामान न पोहोचलेल्या भागात कितीही धुतलं तरी नेऊ नका. भाच्यासाठी मी हेच केलं: तिथल्या ग्रोटोला फोन लावून दिला, बूट आणि हेल्मेट दोन्ही मिळाले.

दोराचं जास्त जपा. ब्लीचने नायलॉन कमजोर होतो आणि दोरावर आपला जीव टांगलेला असतो. दोर कशाने धुवायचा ते बनवणाऱ्याच्या सूचनांत बघा. तिथे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो दोर एकाच गुहेपुरता राहू द्या.

धुणं. इथेच लोक घाई करतात. मीही पहिली दोन वर्षं चिखलाचे बूट तसेच गाडीच्या डिकीत टाकून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या राज्यातल्या गुहेत गेले आहे. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते आठवलं की आजही जीव खाली-वर होतो.

गुहेतून बाहेर आल्यावर तिथेच, तोंडाशी, जेवढा चिखल निघेल तेवढा झटकून काढा. कपडे तिथेच बदला. मळलेलं सगळं एका जाड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, मग गाडीत. सामान जवळच्या ओढ्यात धुऊ नका.

घरी आल्यावर आधी ब्रश आणि साधं पाणी. औषध असो की गरम पाणी, चिखलाच्या थराखाली ते पोहोचत नाही, म्हणून हा टप्पा चुकवायचा नाही. नाड्या पूर्ण काढा. जिभेच्या दोन्ही बाजूंच्या घड्या उलगडा. नाड्यांच्या छिद्रांत आणि तळव्याच्या खाचांत मी जुना टूथब्रश फिरवते, तरी निघालं नाही तर लाकडी काडी. एका बुटाला दहा मिनिटं सहज लागतात. पाणी नितळ निघेपर्यंत घासत राहा.

मग गरम पाणी. ५५ अंश सेल्सिअस, म्हणजे १३१ फॅरेनहाइट, आणि त्यात किमान ५ मिनिटं पूर्ण बुडालेलं. घरातल्या नळाला सहसा एवढं गरम पाणी येत नाही, बरेच हीटर ४९ अंशांच्या आसपास लावलेले असतात. म्हणून मी सहलीचा बर्फाचा कूलर घेते. त्यात नळाचं गरम पाणी आणि वरून किटलीतलं उकळतं, स्वयंपाकाच्या थर्मामीटरवर ६० दिसेपर्यंत. गार बूट आत गेले की पारा उतरतो, म्हणून थोडं वरून सुरुवात करायची. बूट तरंगतात, त्यांच्यावर भरलेली पाण्याची बाटली ठेवायची. झाकण लावायचं. ५ मिनिटांनी काढायच्या आधी पुन्हा मोजायचं, ५५ च्या खाली गेलं असेल तर आणखी उकळतं पाणी ओतून परत पहिल्यापासून ५ मिनिटं.

पाण्यात न चालणाऱ्या वस्तू, म्हणजे हेडलॅम्प, कॅमेरा, फोन, चष्मा, या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पुसण्यांनी पुसून घ्या. हेडलॅम्पचा पट्टा मात्र काढून गरम पाण्यातच टाका. शेवटी सगळं पूर्ण वाळवा आणि मगच पेटीत ठेवा.

तिकीट काढून बघायच्या गुहांतही हे लागू आहे. केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये फेरी संपली की सगळ्यांना जैवसुरक्षेच्या, म्हणजे बुटांवरची बुरशी काढायच्या, मॅटवरून चालत जावं लागतं. तिथे उड्या मारून पुढे जाऊ नका, पावलं नीट घासत जा. आणि आधी दुसऱ्या गुहेत वापरलेले बूट किंवा कपडे घालून तिथे जाऊच नका.

आत वटवाघूळ दिसलं तर आवाज बंद, दिवा दुसरीकडे, आणि आल्या वाटेने मागे. त्यांना जागं करणं म्हणजे त्यांची चरबी जाळणं. नाकावर पांढरं दिसलं, किंवा हिवाळ्यात दिवसा बाहेर उडताना दिसलं, तर लांबून एक फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून घ्या आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवा. हात लावू नका, रेबीजचा धोका असतो. गुहेचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका.

काल रात्री भाच्याचा फोन आला. गुहेत जाऊन आला होता, उसने बूट धुवायला बसला होता. "मावशी, ५२ दाखवतंय, चालेल का?"

"नाही. किटली परत ठेव."