अडलेली कोंबडी

बाळंतपणात अडलेल्या बाईसाठी आपल्याकडे जो शब्द आहे, तोच अंडे आत अडकलेल्या कोंबडीलाही लागतो, हे मला परसात गिरिराज जातीच्या दहा तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, आणल्यावर तिसऱ्या महिन्यात कळले. एके सकाळी त्यांतली एक खुराड्याच्या कोपऱ्यात शेपटी खाली टाकून, पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून उभी होती आणि थोड्या थोड्या वेळाने कळ आल्यासारखा जोर करीत होती. ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसणार असे समजून मी अर्धा दिवस घालवला. नवख्या माणसाची पहिली चूक बहुधा हीच असते, म्हणून हा फरक आधी नीट सांगतो.

खुडूक कोंबडी खोक्यात पसरून बसते, हात नेला की गुरगुरते, चोच मारते आणि दिवसातून एखाद्या वेळी उठून भलीमोठी विष्ठा टाकते. अडलेली कोंबडी मात्र खोक्यात जाते, रिकामीच बाहेर येते, पुन्हा जाते. अडकलेल्या अंड्याचा आतड्यांवर दाब येत असल्याने तिची विष्ठा थोडी होते किंवा अजिबात होत नाही, आणि पायांच्या नसा दाबल्या गेल्यास ती लंगडतेही. केवळ एक दिवस अंडे आले नाही म्हणून घाबरू नये. एक अंडे तयार व्हायला सुमारे २४ ते २६ तास लागतात, त्यांतले २० तास कवच चढण्यातच जातात, त्यामुळे अधूनमधून एखादा दिवस सुटणे स्वाभाविक आहे.

त्या दिवशी दुपारी पशुवैद्यकांना फोन केला. त्यांनी सांगितले, ते असे. पसरट घमेल्यात आपल्या कोपराला सुखद वाटेल इतके कोमट पाणी घ्यावे, कोंबडीचे पोट व मागचा भाग बुडेल एवढेच, आणि तिला त्यात पंधरा-वीस मिनिटे हलकेच धरून बसावे. सुरुवातीला ती फडफडते, मग उबेने सैलावते. माझी तर चक्क पेंगू लागली होती. नंतर पिसे पूर्ण कोरडी करावीत, कारण ओली कोंबडी गारठली की केलेल्या उपचारावर पाणी पडते. हातमोजा घालून गुदद्वाराच्या कडेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे आणि तिला गवत अंथरलेल्या खोक्यात, अंधाऱ्या, उबदार जागी एकटी ठेवावे. पिण्याचे पाणी जवळ असू द्यावे. इतर कोंबड्यांपासून वेगळे करणे फार महत्त्वाचे आहे, कारण जोर करताना आतला लाल भाग बाहेर दिसला की त्या त्यावर चोची मारतात आणि जखम जीवघेणी ठरू शकते.

इथे माणसाचा धीर सुटतो. पोट दाबून अंडे बाहेर काढावे असे हाताला फार वाटते, पण आत अंडे फुटले तर कवचाच्या धारेने अंडनलिका चिरते आणि संसर्ग होतो. अंग, म्हणजे आतला लाल भाग, बाहेर आले असेल, अंडे आत फुटल्याची शंका असेल किंवा दोनदा शेकूनही काही तासांत फरक पडला नाही, तर तिला दवाखान्यातच न्यावे, कारण अडलेली कोंबडी एक-दोन दिवसांत दगावू शकते. तिथे कॅल्शियमचे इंजेक्शन देतात, गरज पडल्यास अंडे काढतातही. गाई-म्हशींसाठी ठेवलेले पान्ह्याचे (ऑक्सिटोसिनचे) इंजेक्शन घरच्या घरी टोचण्याचा सल्ला मलाही एका शेजाऱ्याने दिला होता. वाट अडलेली असताना त्याने अंडनलिका फाटू शकते, म्हणून तो ऐकू नये. पोट फुगलेले आहे पण अंडे हाताला लागत नाही, अशी कोंबडीही अगदी तशीच उभी राहते. तिच्या पोटात पाणी किंवा पू असू शकतो आणि शेकण्याने तो आजार बरा होत नाही.

माझ्या कोंबडीने संध्याकाळी अंडे दिले. ते दोन बलकांचे होते, आणि नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांमध्ये अशी मोठी अंडी बरीच दिसतात. परंतु सगळा दोष अंड्याच्या माथी मारता येणार नाही. तलंगा अंडी घालू लागल्यावरही मी त्यांना तांदळाची कणी आणि मांसल कोंबड्यांचे उरलेले खाद्य घालत होतो. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, शिवाय अंडनलिकेच्या स्नायूंना आकुंचन पावण्यासाठीही तेच लागते. ते कमी पडले की कवच पातळ होते आणि कळाही मंदावतात. अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. मात्र ते खाद्य लहान पिल्लांना घालू नये, त्यांच्या मूत्रपिंडांना अपाय होतो.

आता मी शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात, मुख्यतः संध्याकाळी ठेवतो. कवच बहुतांशी रात्री चढते आणि जाड तुकडे पोटात सावकाश विरघळतात, म्हणून ही वेळ. त्या कोंबडीचे पुढचे अंडे चौथ्या दिवशी आले, कवच जरा खरखरीत होते, पण ते तिने सकाळी नऊच्या आत, कुणाच्याही मदतीशिवाय दिले.