सेन्सर बदलण्याआधी गाडी खाली घ्या

ऑटो लेव्हलिंगचं, म्हणजे डिकीतल्या वजनाप्रमाणे हेडलाईटचा झोत आपोआप खाली-वर करणाऱ्या यंत्रणेचं, माझं पहिलं काम मला साडेसहा हजारांना पडलं. पगारातून कापले गेले, म्हणून आकडा पाठ आहे. लाईटच्या स्विचशेजारी झोत हाताने खाली-वर करायची ० ते ३ ची चकरी असते त्या गाड्यांचं मी बोलत नाहीये. तिथे मोटर नाहीतर वायर, विषय संपला.

झेनॉनवाली, म्हणजे गॅसच्या प्रखर दिव्यांची, जुनी सेडान. मीटरवर पिवळा दिवा, लाईट पार जमिनीला लागलेली, स्कॅनरवर बिघाडाचा कोड मागच्या लेव्हल सेन्सरचा, म्हणजे गाडी मागून किती बसलीय ते मोजणाऱ्याचा. त्या गाडीत सेन्सर एकच, मागच्या ॲक्सलला. मी ती दोन खांबी लिफ्टवर उचलली आणि मल्टिमीटर लावला. सप्लाय ५ व्होल्ट, अर्थ चांगला, सिग्नल ४.४ वर गोठलेला. सेन्सर गेला, असं छातीठोक सांगून मोकळा झालो. नवा मागवला, बसवला. ४.४!

पुढचा अख्खा दिवस डिकीचं ट्रिम उघडून वायरिंग शोधण्यात गेला. उस्ताद लांबून बघत होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "चाकं कुठायत रे?"

चाकं हवेत लोंबकळत होती. या सेन्सरचा सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये फिरतो, गाडी सपाट उभी असली की २.५ च्या आसपास असतो. चाकं लटकली की सस्पेन्शनला जोडलेला लिंक रॉड सेन्सरच्या आर्मला टोकाला ओढतो, मग सेन्सर नवा असो की जुना, आकडा टोकाचाच येणार. रॉड सोडवून आर्म हाताने फिरवला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. व्होल्टेज सलग सरकलं तर सेन्सर ठीक, मध्येच उडी मारली किंवा शून्यावर गेलं तर खराब. माझा जुना सेन्सर ठणठणीत होता. कपलरच्या, म्हणजे सेन्सरला वायर जोडणाऱ्या प्लगच्या, पिनांवर हिरवा गंज चढला होता, खड्ड्यात हादरा बसला की कॉन्टॅक्ट तुटायचा. वरून पुसलेल्या कपलरवर विश्वास ठेवू नका, आतून बघा.

इथे संपलं असतं तर बरं. नवा सेन्सर बसवला की गाडीला तिची सपाट जागा पुन्हा शिकवावी लागते. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत ते केलं नाही तर ०१५३९ कोड येतो, हेडलाईट ॲडजस्ट नाहीत म्हणून. तिथे स्कॅनरच्या बेसिक सेटिंगमध्ये ग्रुप ००१, मग स्क्रूने लाईट ॲडजस्ट, मग ००२. मी लिफ्टवरून उतरवल्या उतरवल्या ००१ आणि ००२ दाबलं. मध्ये स्क्रू कोण फिरवत बसतो? कोड गेला, मी खूश.

तीन दिवसांत गिऱ्हाईक परत. "बोनेटपुढचंच दिसतंय हो." लिफ्टवरून उतरलेली गाडी लगेच बसत नाही, टायर आत ओढलेले असतात, सस्पेन्शन फुगलेलं असतं. समजा मागची बाजू २ सेंटिमीटर उंच असताना मी तिला शून्य शिकवलं. रस्त्यावर ती खाली बसली, मॉड्यूलला, म्हणजे लेव्हलिंग चालवणाऱ्या कंट्रोल बॉक्सला, वाटलं डिकीत वजन आलं, त्याने लाईट खाली घेतली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २.६ मीटर धरला तर झुकावात हा फरक पाऊण टक्का होतो. लाईट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आणि झुकाव १ टक्का असेल तर प्रकाश ६५ मीटरवर रस्त्याला लागतो. तोच झुकाव पावणेदोन टक्के झाला की ३७ मीटर. रात्री घाटात हे काय होतं ते गाडी चालवणाऱ्याला विचारा.

म्हणून आता: हवा तपासा, डिकी रिकामी करा, गाडी दहा-बारा फूट पुढे-मागे ढकला, चारही कोपरे दाबून सोडा, मग स्कॅनर. लाईटवर झुकावाचा आकडा छापलेला असतो, बहुतेक १ टक्का, म्हणजे १० मीटरवरच्या भिंतीवर १० सेंटिमीटर खाली.

घाबरू नका, बाकी निदान सोपं आहे. गाडी भिंतीसमोर लावून लाईट चालू करा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही झोत खाली जाऊन वर येतात. एकच हलला तर न हललेल्या बाजूची मोटर किंवा वायर, दोन्ही गप्प असतील तर सप्लाय, मॉड्यूल किंवा सेन्सर. झेनॉनच्या बॅलास्टला, म्हणजे दिवा पेटवणाऱ्या डबीला, मात्र लाईट चालू असताना हात लावायचा नाही. पेटवताना तिथे २० हजार व्होल्टच्या घरात झटका असतो. इथे मी गंमत करत नाहीये.

आणि तो आर्म तारेने बांधून लाईट "सेट" करणारे. मला त्यांचा राग येतो. २००० लुमेनच्या वरच्या लाईटला आंतरराष्ट्रीय नियमात ऑटो लेव्हलिंग सक्तीचं केलंय ते समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. तार बांधली की डिकी भरल्यावर झोत थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर.

उस्तादांनी मला सकाळीच सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. ते म्हणतात, सांगितलं असतं तर तू विसरला असतास. असेल. पण साडेसहा हजार त्यांच्या पगारातून गेले नव्हते.