जुन्या पिकअपला भंगारातला क्रॉस मेंबर

बाबांच्या पिकअपच्या चासीतला (गाडीच्या लोखंडी सांगाड्यातला) मागचा क्रॉस मेंबर, म्हणजे दोन लांब पट्ट्यांना जोडणारा आडवा तुकडा, गंजला होता, अक्षरशः पापुद्रे सुटत होते. नवा कुठे मिळेना. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे चार फेऱ्यांनंतर त्याच मॉडेलचा सापडला. घेण्याआधी रिव्हेटच्या भोकांभोवती तारेच्या ब्रशने घासून पाहिलं. तडा बहुतेक तिथेच लपलेला असतो.

खरा वेळ गेला मापात. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली, चासीच्या चार ठरलेल्या भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या आणि दोन्ही कर्ण मोजले; चासी सरळ असेल तर ते सारखे भरतात. 9 मिलिमीटरचा फरक! जॅकने हळूहळू रेटत तो 2 वर आणला, तेव्हा कुठे भोकं जुळली.

वेल्डिंग मुद्दाम टाळलं. त्या उष्णतेनं शेजारचं लोखंड कमजोर होतं आणि पुढे तिथूनच तडकतं. रेड ऑक्साइडचा (गंजरोधक रंगाचा) पातळ हात देऊन 8.8 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट आवळले. चासी नंबरच्या भागाला हात लावला नाही. चासीची लांबी वगैरे बदलायची असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाचा आणि आरटीओची परवानगी घ्या.

परवा सासवडहून कांद्याची पोती भरून दिवे घाट उतरलो. हौद्याची कुरकुर थांबलीय.