पैसे बुडवणाऱ्यासाठी प्रार्थना कशी करावी

दोन वर्षांपूर्वी माझी केळी कापून गेली, गाडी भरली, आणि व्यापाऱ्याने पैसे दिलेच नाहीत. नवरा वारल्यानंतरचं ते पहिलं पीक. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल भागात असं पुष्कळांचं होतं आणि चर्चच्या मंडळीतल्या बायका मला विचारतात, म्हणून लिहून ठेवते.

गुडघे टेकण्याआधी कागद गोळा करा. काट्याच्या चिठ्ठ्या, तारखा, किती क्विंटल, काय भाव ठरला. बायबलमधल्या लूक 18 ची विधवा घरात रडत बसली नाही. न्यायाधीश ना देवाला भिणारा, ना माणसाची भीड ठेवणारा, तरी ती त्याच्याकडे जात राहिली. तक्रार करणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी पोलिसांत तक्रार दिली.

मग तेच कागद देवापुढे मोठ्याने वाचा. "प्रभू, तू सर्व जाणतोस" एवढ्यावर सोडू नका. शेतीची लाईट रात्री येते. मोटार चालू करून आले की मी चटईवर बसायचे आणि टॉर्चच्या उजेडात एकेक चिठ्ठी वाचायचे.

हे करताना इफिस 6:14 आठवा. तिथे प्रेषित पौल देवाची शस्त्रसामग्री सांगतो, तिच्यात सगळ्यात आधी सत्याचा कमरपट्टा आहे. तिसऱ्या रात्री माझ्या लक्षात आलं, कापणीआधी मी पाच हजार उचल घेतली होती आणि ती हिशेबात धरलीच नव्हती. सकाळी आधी ती वजा केली. आपलाच आकडा खोटा असेल तर बाकीची शस्त्रं अंगावर टिकत नाहीत.

राग असेल तर रागानेच बोला. स्तोत्र 94 आणि 109 त्यासाठीच आहेत. स्तोत्रकर्ता शिक्षा स्वतः करत नाही, देवाकडे मागतो. रोम 12:19 हेच सांगतं. पण 109 च्या नवव्या ओवीत वैऱ्याची मुलं पोरकी होवोत असं मागणं आहे. माझी दोन्ही पोरं शेजारी झोपलेली होती, बापावाचून. माझ्या तोंडून ते निघेना. तिथेच थांबले.

त्या रात्रीपासून माणसाचं नाव घेऊन "याचा नाश कर" म्हणणं सोडलं. आपलं झगडणं रक्तमांसाशी, म्हणजे माणसाशी, नाही, असं इफिसच्या त्याच पत्रात आहे. लोभाला बांध, खोटेपणाला बांध, आणि त्याला पश्चात्ताप दे, असं मागा. स्वतःसाठी शब्द मागा. पौल बेड्यांत होता, तरी त्याने त्या पत्रात सुटका मागितली नाही, धैर्याने बोलायला शब्द मागितले. साहेबांपुढे माझा आवाज फुटत नाही, म्हणून ठाण्यात जाताना मी तेच मागितलं.

एकटीने लढू नका. पौलाने त्या शस्त्रसामग्रीतल्या ढालीसाठी वापरलेला शब्द दाराएवढ्या मोठ्या ढालीचा आहे. रोमन शिपाई त्या एकमेकींना लावून उभे राहत. आमच्याकडे मंडळीतल्या दोघी बहिणी दर शुक्रवारी उपास धरून येतात.

मागच्या वैशाखात तो व्यापारी अर्धे पैसे घेऊन आला. ओट्यावर बसला, घामाने भिजलेला. मी माठातलं पाणी दिलं. देताना हात थरथरत होता. अर्ध्याची पावती लिहून दिली, त्याची सही घेतली. उरलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या स्तोत्र 94 च्या पानात आहेत, शुक्रवारी आम्ही तिघी त्या वाचतो.